हँडल पायथ्याला असतं

सासूबाई पडद्याच्या दांडीवरची धूळ पुसायला स्टुलावर चढल्या आणि खाली आल्या त्या खुब्याचं हाड मोडून. या वयात स्टुलावर चढायची काय गरज होती, हे घरातल्या प्रत्येकाने आळीपाळीने विचारून घेतलं. "आपण पुसली असती की दांडी," असंही प्रत्येकजण म्हणाला. मी गप्प बसले, कारण आमच्या घरात 'आपण' म्हणजे मी.

हे जरा समजावून सांगते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी समजूत होती की 'आपण' म्हणजे बोलणारा, ऐकणारा आणि जमल्यास आणखी दोनचार माणसं. इथे तसं नव्हतं. 'आपण सगळ्यांना घरीच जेवायला बोलावू' म्हणजे मी स्वयंपाक करणार. 'आपण गच्ची धुऊन काढू' म्हणजे बादली माझ्या हातात. बोलणारा त्या शब्दात असतो, पण फक्त मनाने. मीही हळूहळू शिकले आणि मग मला त्याचं काही वाटेनासं झालं, निदान मी तसं सांगत असते.

डॉक्टरांनी हाडात सळई घातली आणि शनिवारी घरी न्या म्हणाले. "साधा पलंग मात्र चालणार नाही. पाठीकडून उचलता येणारा बेड आणा, हॉस्पिटलमध्ये असतो तसा. खाता-पिताना बसवायचं, आडवं ठेवायचं नाही. रेलिंग हवी."

"साधारण किती दिवस लागेल?" नवऱ्याने विचारलं.

"बघू या. वय आहे. काहीजण दोनतीन महिन्यांत काठी घेऊन चालायला लागतात. काहींना वेळ लागतो." उरलेल्यांचं काय होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, विमा कंपनीत मोठे अधिकारी आहेत. कोण किती जगतं आणि कशाने मरतं, यावर त्यांची कंपनी चालते, त्यामुळे आपल्याला सगळंच कळतं असा त्यांचा प्रामाणिक समज आहे. "लोक अशा वेळी भावनेच्या भरात खरेदी करतात आणि फसतात," ते म्हणाले. "आपण अभ्यास करून परवडणारा बेड घेऊ." या एका वाक्यातलं 'आपण' अपवाद म्हणायला हवं, कारण अभ्यास त्यांनी खरोखरच स्वतः केला. ते घरी बसून मोबाइलवर बेडचे व्हिडिओ बघत राहिले. त्या गडबडीत आईला भेटायला जायचं राहून गेलं, पण चाललं होतं ते आईसाठीच ना.

माझी नणंद, म्हणजे ताई, दुसऱ्या शहरात असते आणि फोनच्या स्पीकरवरून आमच्याकडे राहते. राहिला माझा नवरा. घरात वाद झाला की जो सगळ्यात शेवटी बोलेल त्याचं त्याला पटतं. या गुणामुळे तो सगळ्यांचा लाडका आहे.

पहिला घोळ झाला तो बेड विकत घ्यायचा की भाड्याने, यावरून.

"भाड्याने," भाऊजी म्हणाले. "विकत घेऊन नंतर घरात अडगळ कशाला?"

"नंतर म्हणजे?" जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या फोनमधून ताई कडाडली. "नंतर म्हणजे कधी नंतर, दादा?"

भाऊजी चपापले. "तसं नाही गं. बरं, विकतच घेऊ मग."

"म्हणजे आई आता कायमची त्याच्यावरच का?" ताईला हुंदका आला. तो फोनमध्ये अडकत अडकत आमच्यापर्यंत पोचला.

"ताईचं बरोबर आहे," नवरा म्हणाला. कुठलं बरोबर आहे ते त्याने सांगितलं नाही.

एकूण पेच असा, की भाड्याने घ्यावा तर आई लवकर जाणार असं धरल्यासारखं होत होतं आणि विकत घ्यावा तर आई उठणारच नाही असं. कोणी फुकट दिला असता, तर आम्हा सगळ्यांना आईवर निर्धास्तपणे प्रेम करता आलं असतं.

शेवटी दुकानात जाऊन ठरवू म्हणून आम्ही तिघं निघालो. ताई नवऱ्याच्या खिशातून आली. दुकान हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत होतं. बाहेर चाकाच्या खुर्च्या, कुबड्या आणि भोक पाडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, आत बेड. दुकानदार गोड बोलणारा होता. लोक त्याच्याकडे हौसेने येत नाहीत हे त्याला माहीत असावं, म्हणून तो सगळ्यांशी लग्नघरातल्यासारखा वागत होता.

"या या, बसा. किती दिवसांसाठी हवाय?"

तोच प्रश्न. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे. "सध्यापुरता," भाऊजी म्हणाले.

"सध्यापुरता म्हणजे महिन्याच्या भाड्याने. मग लागेल तसं वाढवत जाऊ," दुकानदार म्हणाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आईचं आयुष्य आता दर महिन्याला वाढवून मिळणार होतं आणि ठरवायचं कोणालाच नव्हतं.

"हा एका हँडलचा. फक्त पाठ उचलते. हा दोन हँडलचा, पाठ आणि गुडघे. आणि तो पलीकडचा मोटरचा, फंक्शनवाला. त्यात तीन फंक्शन, पाच फंक्शन..."

"फंक्शन?" खिशातून आवाज आला. "आई हॉस्पिटलमध्ये पडलीये आणि तुम्ही फंक्शन कसलं करताय?"

ताईची समजूत घालेपर्यंत भाऊजी बुटांसकट दोन हँडलच्या बेडवर आडवे झाले होते. दुकानदाराने पायथ्याशी उकिडवं बसून हँडल फिरवलं. भाऊजींची पाठ उचलली गेली, मग गुडघे वर आले, आणि ते केस कापायला बसल्यासारखे प्रसन्न दिसू लागले.

"उत्तम आहे. किती सहज फिरतंय बघा हँडल!" ते म्हणाले. फिरवत होता दुकानदार.

"घरी पेशंटला बघणार कोण?" त्याने खालूनच विचारलं.

"आपण सगळे आहोत की," भाऊजी पडल्या पडल्या म्हणाले.

मी पलीकडच्या बेडचा रिमोट हातात घेतला. बटण दाबलं, हलकी घरघर झाली आणि पाठ वर आली. "हा घेतला तर आईंना स्वतःचं स्वतः उठून बसता येईल," मी म्हणाले.

"अगं, मोटर म्हणजे बिघडणारी वस्तू. वीज गेली म्हणजे? शिवाय भाड्यातला फरक बघ. आणि हँडल फिरवायला आपण आहोत ना?"

"दादाचं बरोबर आहे," नवरा म्हणाला.

तरी भाऊजी एकतर्फी निर्णय घेणारे नव्हेत. त्यांनी तिथूनच आईला फोन लावला. "आई, मोटरचा बेड हवाय का तुला? बटणावर चालतो. भाडं बरंच जास्त आहे."

"नको रे," पलीकडून सासूबाई म्हणाल्या. "कशाला उगाच?"

"बघा, आईच नको म्हणाली," भाऊजी म्हणाले आणि विषय संपला.

आता या 'नको'बद्दल सांगायला हवं. सासूबाईंचा पहिला 'नको' म्हणजे घसा साफ करणं. मी नवी होते तेव्हा त्यांच्या मैत्रिणीला चहा विचारला, ती नको म्हणाली, आणि मी खरंच केला नाही. मैत्रीण गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माणूस नको म्हणतं ते आपलं म्हणायचं म्हणून. आपण परत विचारायचं असतं. निदान तिसऱ्यांदा तरी खरं काय ते कळतं." तेव्हापासून मी सगळ्यांना तीनदा विचारते. हा नियम सुनेला शिकवला गेला. मुलांना शिकवायचं बहुधा राहून गेलं असावं, कारण मुलांना कधी कोणाला काही विचारायची वेळच आली नव्हती.

"भाऊजी, परत एकदा विचारा ना," मी म्हणाले.

"स्पष्ट नको म्हणाली ना ती?" त्यांना नवल वाटलं. मी आणखी ताणलं असतं तर मलाच हँडल फिरवायचा कंटाळा आहे असा अर्थ निघाला असता. तो खोटाही नव्हता, त्यामुळे मी तोंड मिटलं.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत मी डबा घेऊन गेले. सासूबाईंनी डबा बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, "कुठला ठरला?"

"दोन हँडलचा."

"हँडल असतं कुठे?"

"पायथ्याला."

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. ते फार लांब असल्यासारख्या त्या बघत होत्या. "म्हणजे मी बसायचं कधी आणि आडवं व्हायचं कधी, हे माझ्या पायाशी उभा असेल तो ठरवणार." मग म्हणाल्या, "सकाळी मी पेपर वाचत होते. आया आली. तिला पलंगाखालून पुसायचं होतं, तिने हँडल फिरवून मला आडवी केली. वाक्य अर्धंच राहिलं. मी म्हटलं, अहो थांबा. ती म्हणाली, आजी, आराम करा."

सासूबाईंनी सगळी नोकरी छापखान्यात केली, छापून येणारा मजकूर तपासायची. लोकांची अर्धवट वाक्यं पूर्ण करणं हे त्यांचं काम होतं. अर्धं वाक्य त्यांना दातात अडकल्यासारखं सलतं.

"मी बोलू का भाऊजींशी?"

"तू काही बोलू नकोस. तू बोललीस की म्हणतील, हिलाच कष्ट नकोत."

"मग तुम्ही बोला."

"मुलांकडे काय मागायचं?" त्या म्हणाल्या आणि मान भिंतीकडे वळवली. आमचं दोघींचं तसं गूळपीठ कधीच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही एकमेकींशी दारावर आलेल्या पाहुण्याशी बोलावं तितक्या नीट बोलत आलो होतो. पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

शनिवारी बेड घरी आला. नवऱ्याचं कॉम्प्युटरचं टेबल हॉलमध्ये गेलं आणि आतल्या खोलीत दोन माणसांनी बेड जोडून दिला. भाऊजींनी त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

हँडल फिरवायचा पहिला मानही भाऊजींनीच घेतला. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि गुडघ्यांचं हँडल फिरवलं.

"अरे, पाठ! पाठ!" सासूबाई कळवळल्या.

"हो हो, पाठच," भाऊजी म्हणाले आणि आणखी चार वेढे दिले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. मग त्यांना ऑफिसचा एक फोन आठवला, आणि त्या फोनसाठी ते जे गेले ते थेट पुढच्या रविवारी उगवले.

नवरा हँडल छान फिरवायचा. अडचण एवढीच, की तो सकाळी कामावर जायचा आणि माणसाला दिवसासुद्धा बसावंसं वाटतं. म्हणजे उरले 'आपण'. औषधाला बसवा, खायला बसवा, पेपरला बसवा, मग पाठ अवघडली की आडवं करा. प्रत्येक वेळी पायथ्याशी उकिडवं बसायचं आणि किर्र किर्र करत वेढे मोजायचे. मला त्रास होत होता, नाही कशाला म्हणू? मी कपाळाला आठी घालत नव्हते, पण न घातलेली आठीसुद्धा सासूबाईंना वाचता येते.

त्यांनी एक एक गोष्ट सोडायला सुरुवात केली. आधी दुपारचा चहा सोडला. मग पेपर. "डोळे दुखतात," म्हणाल्या. मी नियमाप्रमाणे तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा नको आलं, तिसरा तर पहिल्यापेक्षा स्पष्ट. मला भीती वाटली. या बाईचा तिसरा नको मी आजवर ऐकलाच नव्हता, तिसऱ्यांदा 'बरं, दे' यायचं. मग त्यांनी मला न सांगता पडल्या पडल्या पाणी प्यायला सुरुवात केली, आणि एका सकाळी असा ठसका लागला की चेहरा काळानिळा झाला. मी स्वयंपाकघरातून धावत आले. खांद्याखाली हात घालून त्यांना उचलून धरलं आणि पाठीवर थापट्या मारत राहिले. श्वास जागेवर आल्यावर त्या म्हणाल्या, "तुझं काम चाललं होतं ना, म्हटलं कशाला हाक मारायची?" मी त्यांच्यावर ओरडले. पहिल्यांदाच ओरडले. डॉक्टरांना फोन केला तर तेही माझ्यावर ओरडले. असं आडवं राहिलं तर छातीत कफ धरेल, मग हाडाचं राहील बाजूला, असं म्हणाले.

रविवारी सगळे जमले. ताई प्रत्यक्ष आली होती आणि आईचा हात धरून बसली होती. भाऊजी बेडभोवती एक फेरी मारून आले आणि रेलिंगवर समाधानाने थाप मारली.

"काय आई, बेड बरा आहे ना? काही हवंय का तुला?"

"नको रे. सगळं आहे."

"झकास," भाऊजी म्हणाले आणि खिशातून मोबाइल काढला.

"भाऊजी, परत विचारा," मी म्हणाले.

"काय?"

"आत्ता विचारलंत तेच. परत विचारा."

माझा आवाज चढला होता. ताईने चमकून पाहिलं. भाऊजी हसले, लहान मुलाचा हट्ट पुरवावा तसे आईकडे वळले. "आई, काही हवंय का गं?"

"काही नको म्हटलं ना," सासूबाई म्हणाल्या. पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

तिसऱ्यांदा मी विचारलं. "आई, बटणाचा बेड हवाय का?"

मला वाटलं, आता नको म्हणाल्या तर संपलं, मग ही बाई या बेडवरून काही उठत नाही.

"हवाय," सासूबाई म्हणाल्या.

तो शब्द आमच्या घरात त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. ताईचं तोंड उघडं राहिलं. भाऊजींना तर वाईटच वाटलं. "अगं मग मी दुकानातून फोन करून विचारलं होतं, तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू एकदाच विचारलंस," त्या म्हणाल्या.

विम्याच्या कुठल्याच कलमात याला उत्तर नव्हतं. शेवटचं वाक्य आईचं होतं, त्यामुळे नवऱ्याला ते तिथल्या तिथे पटलं, आणि आणखी कोणी काही बोलायच्या आत तो बाहेर जाऊन दुकानदाराला फोन लावून आला. त्याच्या त्या गुणाचा एवढा उपयोग मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

मोटरचा बेड आला तेव्हा भाऊजीही मुद्दाम आले. त्यांनी रिमोटचा अभ्यास करून ठेवला होता. "आई, हे बघ, बटण सारखं सारखं दाबायचं नाही. मोटरवर लोड येतो. दिवसातून अमुक वेळाच वापरायचं असं एक वेळापत्रक आपण..." एवढ्यात घरघर सुरू झाली. सासूबाई भाऊजींकडे बघत बघत सावकाश मागे गेल्या, पूर्ण आडव्या झाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. भाऊजींचं वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी हातातला वेळापत्रकाचा कागद घडी करून खिशात घातला आणि ते "आराम कर" म्हणून निघून गेले. बाहेरचं दार लागल्याचं ऐकू आलं, तशी पुन्हा घरघर झाली. सासूबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "पेपर दे गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसायला मी कोमट पाण्याचं भांडं आणि साबण घेऊन आत गेले. भांडं स्टुलावर ठेवलं, टॉवेल भिजवला आणि वाकणार, तोच घरघर सुरू झाली. पाठ हलली नाही, गुडघेही हलले नाहीत. अख्खा बेडच सासूबाईंसकट वर येऊ लागला.

"आई, भलतंच बटण दाबलं गेलं वाटतं."

"नाही," त्या म्हणाल्या. बोट बटणावर तसंच होतं. बेड माझ्या कमरेच्या वर आला तेव्हा त्यांनी ते उचललं. "इतके दिवस बघतेय. हँडल फिरवून झालं की भिंत धरून उठतेस. आता सरळ उभी राहून पूस."

मी टॉवेल पिळला, परत भिजवला, परत पिळला. मला रडू फुटलं होतं आणि ते कसं आवरावं तेच कळेना.

"साबण गेला डोळ्यात," मी म्हणाले.

"साबणाचा कागद अजून काढला नाहीयेस," सासूबाई म्हणाल्या.